डोहातले बिऱ्हाड

आमच्या प्रवरेची थोरवी सांगायला बसले की माणसे फार दूर जातात. कोणी थेट समुद्रमंथनापर्यंत पोहोचतो. मंथनातून निघालेल्या अमृताची पंगत नेवाशाला बसली होती, त्या पंगतीत चोरून शिरलेल्या राहूचे मस्तक विष्णूने मोहिनीच्या रूपात उडवले, मस्तक राहुरीला पडले आणि काया कायगावला गेली, म्हणून ही नदी अमृतवाहिनी! कोणी ज्ञानेश्वरांपाशी थांबतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरी याच काठावर सांगून पुरी झाली. ज्याला टेकून ती सांगितली असे मानतात तो पैसाचा खांब नेवाशाला आहे. इतिहासाची आवड असलेला एखादा दायमाबादचे नाव घेतो. श्रीरामपूर तालुक्यातल्या त्या लहानशा गावी १९७४ साली झाडाचे मूळ खणताना ब्राँझच्या चार वजनदार वस्तू हाती लागल्या : एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि बैलजोडीच्या रथावर उभा असलेला एक माणूस.

या यादीत आणखी एक नाव घालावे असे मला फार दिवस वाटत आले आहे. पण ते नाव इतके हलके आहे की चारचौघांत काढले तर लोक हसतील. दिवाळीच्या दिवसांत माणसे हसली तर त्यात वाईट काही नाही, म्हणून आज काढतो. ते नाव म्हणजे झिंगा.

झिंगा म्हटल्याबरोबर मुंबई-रत्नागिरीकडच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे कोळंबीचे कालवण येईल. त्यांनी ते थोडा वेळ बाजूला ठेवावे. आमच्या आठवड्याच्या बाजारात बोंबील आणि सुकट यांचे ढीग असतात. ती समुद्राची दौलत, घाट चढून वाळूनकोळून आमच्याकडे आलेली. मी सांगतो तो झिंगा नदीतला. लांबीला बोटाच्या एका पेराएवढा, फार तर थोडा अधिक. पाण्यात असताना तो दिसतच नाही. आधी दिसतात ते दोन काळे ठिपके, म्हणजे त्याचे डोळे; देठावर बसवलेले, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. मग तळाच्या वाळूवर हलणारी एक पुसट सावली दिसते. आणि मग कधीतरी, ऊन बरोबर कोनात पडले तर, त्या डोळ्यांना आणि त्या सावलीला जोडणारे काचेसारखे अंग दिसू लागते. ज्याची सावली त्याच्या अंगाहून ठळक असते असा प्राणी मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

माझी शास्त्राशी ओळख मॅट्रिकच्या पुस्तकापर्यंतची. पुढचे जे काही कळले ते कुतूहलापोटी, विचारून आणि वाचून. या चिमुकल्या झिंग्यांच्या कुळाला शास्त्रात कॅरिडिना म्हणतात. हे नाव १८३७ साली फ्रान्समधल्या आंरी मिल्न-एदवार्स नावाच्या पंडिताने दिले. गोदावरीच्या खोऱ्यात मिळणाऱ्या एका जातीला कॅरिडिना वेबेरी म्हणतात. माक्स वेबर नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने डचांच्या ताब्यातल्या बेटांवरून, म्हणजे आजच्या इंडोनेशियातून, पुष्कळ जीव गोळा करून नेले होते. त्यांत ही सापडली आणि १८९२ साली दे मान या डच संशोधकाने तिला वेबरचेच नाव दिले. प्रवरेच्या काठी राहणाऱ्या जिवाला वेबरसाहेबांचे आडनाव लागावे, ही गंमतच आहे. मात्र आमच्याकडच्या भोई बायांना विचाराल तर त्या दोनच जाती मानतात : बारीक झिंगा आणि नांगीचा झिंगा. हा नांगीचा म्हणजे जरा थोराड, पुढचे दोन पाय लांब आणि चिमट्यासारखे असलेला. त्याच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात कृष्णा नदीचे नाव आहे. नाव कृष्णेचे असले तरी गोदावरीच्या खोऱ्यातही त्याची वस्ती आहे.

बारीक झिंग्याचे हात भांडणासाठी घडवलेलेच नाहीत. त्याच्या नांग्या इवल्याशा, आणि टोकाला केसांचे झुबके. त्या झुबक्यांनी तो दिवसभर दगड झाडतो, काड्या झाडतो, बुडालेल्या पानांवरची बुरशी आणि शेवाळ झाडतो, आणि झाडलेले तोंडात घालतो. आमच्याकडे दिवाळीच्या आधी घरे झाडण्याचा जो उद्योग चालतो तो याच्या घरी बारा महिने तेरा काळ चालू असतो. नदीत पडणारी पाने, मेलेले किडे, कुजकी मुळे यांचे पुढे काय होते असा प्रश्न आपल्याला पडत नाही. कारण कोणीतरी तो सोडवून ठेवलेला असतो. आणि या झाडूवाल्याला खाऊन मरळ वाढते, खंड्या वाढतो, बगळा वाढतो. प्रवरासंगमाच्या खाली नाथसागराच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. त्यांच्या पंखांवरची ती गुलाबी झाक अन्नातून येते. शेवाळातून आणि कवचाच्या बारीकसारीक जिवांतून. त्याच घराण्यातला रंग झिंग्याच्या अंगातही लपलेला असतो. तव्यावर पडला की पांढरा झिंगा लाल होतो तो याच कारणाने : उष्णतेने बांधलेला रंग मोकळा होतो.

तव्यावरची ही गोष्ट मी ऐकून सांगतो. आमचे घर माळकऱ्यांचे. आजोबांनी माळ घातली, वडिलांनी घातली, माझ्याही गळ्यात आहे. त्यामुळे झिंग्याची चव मला माहीत नाही. गावातली निम्मी माणसे झिंग्याकडे भाकरीच्या बाजूने पाहतात. मला तो मार्ग बंद असल्याने मी नुसताच पाहत राहिलो. आणि माझी खात्री आहे की पाहण्यातली गोडी मला त्यामुळेच अधिक लाभली.

दर वर्षी पावसाळा सरून नदी निवळली की मी चौथीच्या वर्गात एक काचेची बरणी ठेवतो. बरणी लोणच्याची, स्वच्छ धुतलेली. तळाशी मूठभर वाळू, पाण्यातल्या गवताची एखादी काडी आणि सहा झिंगे. पहिले दोन दिवस वर्गात काही शिकवता येत नाही. मुले पाय मोजतात. चालायचे आणि नांगीचे मिळून पायांच्या पाच जोड्या, पोटाखाली पोहायचे वल्हे वेगळे. काचेला डोळा लावला तर पाठीवर, मानेच्या जरा मागे, काहीतरी भराभर धडधडताना दिसते. ते त्याचे हृदय. त्याचे डोके आणि छाती एकाच कवचाखाली असतात, त्यामुळे हृदय डोक्याला चिकटल्यासारखेच वाटते. माणसाचे तसे असते तर कादंबरीकारांचा निम्मा धंदा बसला असता.

एके वर्षी अशीच बरणी ठेवलेली असताना सकाळी शाळेत पाऊल टाकतो तोच मुलांनी वर्दी दिली, "गुरुजी, एक मेला!" पाहिले तर तळाशी पांढुरके कलेवर पडलेले, पाय, मिशा, डोळ्यांच्या जागा, सगळे जिथल्या तिथे. मुलांचे चेहरे उतरले होते. मी मास्तर, प्रसंग कसाही असो, त्यातून हिशेब काढणे हा आमचा स्वभाव. मी म्हटले, "सहातून एक गेला, उरले किती?"

"पाच!"

"मोजा बरे."

मोजले तर सहा भरले. पुन्हा मोजले, पुन्हा सहा. फळ्यावरचे गणित आणि बरणीतले गणित जुळेना. वर्गात अशी शांतता पसरली की तपासणीला आलेल्या साहेबांनी बक्षीस दिले असते. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, त्यो मेला न्हाई. त्यानं कापडं बदलली."

ही मुलगी भोयाची. तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. झिंग्याचे कवच वाढत नाही. अंग वाढले की ते आवळू लागते, आणि मग झिंगा पाठीवर उकलून त्यातून बाहेर पडतो. नवे कवच पहिल्यांदा मऊ असते. ते टणक होईपर्यंत त्याला कोणीही गिळू शकते, म्हणून तो मुळांच्या जाळ्यात लपून बसतो. लहानपणी तर असे घडी घडी होते. औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मराठवाडा विद्यापीठात प्राध्यापक नागभूषणम् आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्यातल्या झिंग्यांवर पुष्कळ वर्षे संशोधन केले. झिंगा-खेकड्यांच्या वर्गात कात टाकण्याला आवर घालणारा रस डोळ्यांच्या देठात असतो, हे त्या शास्त्रातले एक मोठे नवल आहे. म्हणजे आपण कधी वाढायचे आणि कधी थांबायचे याचा लगाम या जिवाच्या डोळ्यांत ठेवलेला. मी हे वर्गात सांगितले तेव्हा ती मुलगी म्हणाली, "मंग त्याला डोळे मिटता येत नसत्याल." खरेच, त्याला पापण्या नाहीत.

त्याच मुलीची आजी आमच्या गावातली शेवटची झिंगेवाली. उन्हाळ्यात नदीच्या वाळवंटात खरबुजांच्या वाड्या करायच्या, पाणी असेल तेव्हा मासे धरायचे, असा त्यांचा पिढ्यांचा जोडव्यवसाय. म्हातारीची धरण्याची रीत साधी होती. जुन्या लुगड्याचा तुकडा दोघींनी दोन टोकांना धरायचा, काठच्या गवताखालून सरकत न्यायचा आणि झटकन उचलायचा. वर येई तेव्हा कापडावर नुसती वळवळ आणि चकाकी. त्यांतून ती माद्या वेचून परत पाण्यात टाकी. मादी ओळखणे सोपे : पोटाखाली अंड्यांचा घोस असतो. ही अंडी ती कुठे टाकून जात नाही. पोटाखालच्या वल्ह्यांना चिकटवून घेते, पोहताना, खाताना, पळताना बरोबर नेते, आणि वल्हे हलवून त्यांना सतत ताजे पाणी घालीत राहते. मी म्हातारीला विचारले, "मावशी, माद्या का सोडता? त्याच जास्त भरतात."

ती म्हणाली, "मास्तर, पाटीवर घेतलेली बाई कामाला आली तर तिला कुणी मारतं का? पोराबाळाची हाये ती."

तिला झिंग्याचे पैसे फार मिळत असे नाही. वाट्यावर विकायची, पळसाच्या पानावर एक वाटा. परतीच्या वाटेवर शाळेच्या ओट्याला टेकून बसे तेव्हा आमच्या गप्पा होत. एकदा तिने मला वीतभर झिंग्याची गोष्ट सांगितली. तिच्या सासऱ्याच्या तोंडून ऐकलेली. जायकवाडी झाली नव्हती तेव्हा पुराच्या ओसरत्या पाण्यात संगमावर एखादा वीतभर झिंगा जाळ्यात येई म्हणे, अंगाहून लांब नांग्यांचा. तो दिसला की जाळे उचलणारा आधी त्याला हात जोडी, कारण तो समुद्राहून आलेला पाहुणा.

मी तो झिंगा पाहिलेला नाही. पण या गोष्टीतला पाहुणा कोण असावा याचा शोध मी घेतला. व्हिक्टर जाकमाँ नावाचा एक फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ हिंदुस्थानात फिरायला आला होता. पुण्याकडून पुढे जाता जाता आजारी पडून तो १८३२ साली मुंबईस वारला. उणेपुरे एकतीस वर्षांचे आयुष्य. त्याच्या प्रवासाचे ग्रंथ मागाहून पॅरिसमध्ये निघाले, आणि त्यांतल्या प्राण्यांच्या भागात १८४४ साली त्याच मिल्न-एदवार्सने आपल्या नद्यांतल्या एका मोठ्या झिंग्याचे वर्णन छापले. मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी त्याचे आजचे नाव. इंग्रजीत त्याला गोदावरीचाच झिंगा म्हणतात. वीतभर सहज होतो.

याचे आयुष्य मोठे कष्टाचे. तो वाढतो गोड्या पाण्यात, पण त्याची पिले गोड्या पाण्यात जगत नाहीत. अंड्यांतून निघालेल्या, डोळ्यांना धड न दिसणाऱ्या त्या जिवांना नदीच्या मुखाजवळचे मचूळ पाणी लागते. तिथे ती वाढतात, झिंग्याच्या आकाराला येतात, आणि मग वळून प्रवाहाविरुद्ध वर चालू लागतात. गोदावरी त्र्यंबकेश्वरापासून समुद्रापर्यंत १,४६५ किलोमीटर. आंध्रात धवळेश्वरमला आर्थर कॉटनने १८५२ साली पुरा केलेला बंधारा होता. त्या बंधाऱ्याच्या ओल्या दगडांवरून बोटभर पिलांच्या झुंडी रांगत वर जाताना लोकांनी पाहिल्या आहेत. एवढा दगड चढणे जमत असे. पण त्याच्या मागे पोचमपाड आले, विष्णुपुरी आली, आणि १९७६ साली आमच्या उंबऱ्यापाशी जायकवाडी उभी राहिली. या भिंती झिंग्याच्या पायांनी चढण्याजोग्या नव्हत्या. आता अशाच मोठ्या जातीचे बीज उबवणीच्या केंद्रातून आणून जलाशयांत सोडतात. ते वाढते, बाजारात जाते, पैसे देते. पण तिथे त्याचा वंश चालत नाही. दर खेपेला नवे बीज आणावे लागते.

हे सगळे मी म्हातारीला सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "बरोबर हाये. जाणाऱ्याला वाट पायजे, ऱ्हाणाऱ्याला डोह पायजे."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. बारीक झिंगा हा राहणारा. त्याचे जन्म-लग्न-मरण सगळे गोड्या पाण्यात, बहुधा एकाच डोहाच्या आसपास. समुद्राची त्याला गरज नाही. आयुष्य फार तर वर्ष-दोन वर्षांचे. अमृताच्या नदीत राहूनही वाट्याला एवढेच. १९२६ साली वरच्या अंगाला भंडारदऱ्याचे धरण बांधून झाले, मग कालवे आले, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले. नदी बारमाही राहिली नाही. आवर्तन सुटले की नदी, एरवी वाळवंट. या सगळ्यातून झिंगा टिकला. दायमाबादच्या कारागिराने ज्याला ब्राँझमध्ये ओतले तो गेंडा आमच्या मुलुखातून केव्हाच नाहीसा झाला. झिंग्याची मूर्ती कोणी केली नाही आणि तो मात्र अजून आहे.

२००५ साली पाण्याच्या वाटपाचा कायदा झाला. तेव्हापासून दुष्काळी वर्षांत नगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर म्हणायचे) धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून दोन्हीकडची माणसे रस्त्यावर येतात. कोणाचे पाणी, किती टी.एम.सी., कोणत्या तारखेला, याचे कागद कोर्टापर्यंत जातात. त्यांत चूक कोणाची हे सांगणारा मी कोण? शेत दोन्हीकडचे वाळते. मला एवढेच दिसते की ते भांडणाचे पाणी रात्री आमच्या गावाजवळून जाते तेव्हा वाळवंटातल्या सुटलेल्या डबक्यांना जोडत जाते, आणि दुसऱ्या दिवशी डबक्या-डबक्यांतले झिंगे एका नदीचे होतात. त्यांची नोंद कुठल्या कागदावर नसते. पण त्या दिवशी म्हातारी लुगडे घेऊन पाण्यात उतरत नसे. "आज त्यांच्यात भेटीगाठी हायेत," म्हणायची.

आमच्या शिवारात गावाच्या वरच्या अंगाला एक डोह आहे. आसरांचा डोह म्हणतात. काठावर शेंदूर लावलेले सात दगड. जलदेवता आसरा, आणि आसरा म्हणजे निवाराही; ज्याने पहिल्यांदा हा शब्द वापरला त्याच्या मनात यातले काय होते कोण जाणे. लहानपणी आम्हाला तिकडे एकटे जाण्याची बंदी होती. बायका ओटी भरायला जात, आणि तिथे मासे धरायचे नाहीत हा दंडक भोयांनी स्वतःच पाळलेला. एका कडेला खडकातून झरा आहे, तो भर वैशाखातही आटत नाही. २०१६ च्या दुष्काळात सगळी नदी वाळूची झाली तेव्हा गावच्या पंचक्रोशीत ओल होती ती तेवढीच.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वरून कुठून तरी काळे पाणी आले. मळीचा उग्र वास. कोणी सोडले, केव्हा सोडले, याची चौकशी यथासांग झाली आणि यथासांग संपली. सकाळी मी काठावर गेलो तर मासे उताणे पडलेले. पाण्यातला प्राणवायू संपला की झिंगे काठाला येतात. ते ओल्या चिखलावर अक्षरशः रांगत पाण्याबाहेर आले होते, हजारोंनी, आणि ऊन चढत होते. मुलांनी पत्र्याच्या डब्यांतून, प्याल्यांतून जमतील तेवढे उचलले. पण नेऊन सोडायचे कुठे? नळाच्या पाण्याच्या बादल्यांत ते दुपारपर्यंत पांढरे पडले. त्या मुलीने शेवटची बादली स्वतः ओतली आणि रडली नाही. म्हातारी पलीकडे वाळूवर बसून होती. ती एवढेच म्हणाली, "औंदा वाटा न्हाई."

त्या पावसाळ्यात मोठा पूर गेला. नदी धुतली, निवळली, दसऱ्याला आरशासारखी झाली. पण काठच्या गवताखालून लुगडे फिरवले तरी झिंगा येईना. दिवाळी झाली, वर्गातली बरणी रिकामीच राहिली. आणि तोवर मुलगीही वर्गात नव्हती. मासेमारीवर दोन पोटे भरेनात म्हणून तिचा बाप चाकणला कारखान्यात लागला, आणि जूनमध्ये बायकोला आणि मुलीला घेऊन गेला. मी त्याला म्हटले, मुलीला आजीपाशी ठेव, शाळेचे मी पाहतो. तो म्हणाला, "गुरुजी, आजीपशी काय हाये आता?" मला उत्तर सुचले नाही. म्हातारी मात्र गेली नाही. मुलाने तिला दोनदा नेण्याचा प्रयत्न केला. ती दोन्ही वेळा एस.टी.च्या थांब्यावरून परत आली.

मुलगी बापाच्या मोबाइलवरून अधूनमधून बोलते. नव्या शाळेचे सांगते, इंग्रजीचे सांगते. आणि दर खेपेला शेवटी विचारते, "गुरुजी, झिंगे आले का?" मी म्हणे, अजून नाही. तिची आई मागून हाक मारी, आणि फोन बंद होई.

कार्तिकाच्या शेवटी एका दुपारी मी आसरांच्या डोहावर गेलो. झऱ्याच्या कडेला, जिथे खडकातले पाणी थेट डोहात उतरते, तिथे उंबराची मुळे पाण्यात सुटलेली आहेत. काळे पाणी आले तेव्हा झऱ्याच्या जिवंत धारेने तेवढा कोपरा राखला असावा. बराच वेळ काही दिसले नाही. मग दोन काळे ठिपके दिसले. मग सावली. ऊन कलले तेव्हा अंग दिसले, आणि पोटाखाली हिरवट अंड्यांचा घोस.

संध्याकाळी मीच चाकणला फोन लावला.

"आले?" तिने विचारले.

"आले."

"किती?"

"मला एक दिसला."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अंडी हायेत का?"

"आहेत."

"मंग लई झाले, गुरुजी."

पुढच्या वर्षी खरोखरच काठच्या गवताखाली वळवळ दिसू लागली. यंदा वर्गात बरणी आहे, आणि म्हातारीने पोळ्यानंतर पहिला वाटा शाळेच्या ओट्यावर आणून ठेवला. माझ्यासाठी नव्हे, मुलांना दाखवायला. माद्या तिने अर्थात काढून घेतल्या होत्या.

नदीची वाळू आता सोन्याच्या भावाची. खालच्या अंगाचे सगळे डोह गेल्या काही वर्षांत पोखरून निघाले. जिथे पुरुषभर पाणी असे तिथे आता खडक आणि चिखल. आसरांच्या डोहाला कोणी हात लावीत नव्हते ते सात शेंदरी दगडांच्या भीतीने. पण भीती पिढीबरोबर जाते. भाद्रपदात डोहाच्या काठावर कोणीतरी खुणेच्या लाल काठ्या रोवून गेले आहे. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत तो विषय निघणार असे ऐकतो. वाळूचे पैसे येतील, त्यातून रस्ता होईल, शाळेच्या दोन खोल्या होतील असेही कोणी सांगते. आणि आमच्या शाळेला त्या खोल्या हव्या आहेत, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक नाही.

मी त्या सभेला जाणार आहे. म्हातारीही येणार आहे. पाच कोस चालायला सांगा, पण सभेत बोलायला सांगू नका, अशी तिची तऱ्हा, तरी येणार आहे. डोह राखा म्हणून सांगायचे तर का राखा हेही सांगावे लागेल. अमृताचे नाव काढता येईल, आसरांचे काढता येईल. लोक मान डोलावतील आणि काठ्या तशाच राहतील. म्हणून मी झिंग्याचे नाव काढायचे ठरवले आहे. तो काय झाडतो, कोण त्याला खाते, एका कोपऱ्यातल्या एका मादीपासून अख्खी नदी पुन्हा कशी भरली, ते सांगेन. बरणी बरोबर नेईन. लोक हसतील, हसता हसता कोणी बरणीला डोळा लावला, तर पाठीवर मानेच्या मागे काय धडधडते तेही दाखवीन.